वेशीपासून बांधापर्यंत



स्मरणिकेसाठी ‘काहीतरी जुनं लिहा’ असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, म्हणून मंडळाचे जुने दप्तर काढून बसले. त्यात पहिल्या वर्षीच्या सभासदांची यादी हाती लागली. मला त्या यादीतल्या नावांपेक्षा पत्तेच अधिक बोलके वाटले. कुणी बोळातली, कुणी तालमीच्या मागची, कुणी तिकटीवरची. सगळ्या जणी एका दमात चालत एकमेकींकडे पोचतील अशा. यंदाच्या यादीत पाचगाव आहे, कळंबा आहे, मोरेवाडी, उचगाव, फुलेवाडी आहे. सभासद वाढले ही आनंदाची गोष्ट. पण मासिक सभेला येणाऱ्यांची संख्या काही त्या मानाने वाढली नाही. विचारावे तर एकच उत्तर मिळते, “येणार कसं?”

गाव फार पसरले, अंतरे वाढली, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. १९०१ साली कोल्हापूरची वस्ती सुमारे ५४ हजार होती, २०११ च्या शिरगणतीत ती साडेपाच लाखांच्या घरात गेली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत दहापट. एवढे लोक राहायचे तर गाव पसरणारच. पण अंतर ही अर्धीच अडचण आहे. उरलेली अर्धी अशी की नव्या वस्त्यांतल्या वाटा एकमेकींना मिळत नाहीत. माझे माहेर शिवाजी पेठेतले, सासर राजारामपुरीतले, आणि गेली पंचवीस वर्षे मी कळंब्याच्या बाजूला मुलाच्या घरी राहते. तेव्हा या गावाच्या वाटांच्या तीन पिढ्या मी पायाखाली घातल्या आहेत, आणि त्यांची हकीकत सांगण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे असे समजते.

जुन्या कोल्हापूरची सुरुवात एका गावापासून झालेली नाही. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा जुन्या वस्त्या मानल्या जातात. कोणी नदीकाठची, कोणी तळ्याकाठची. एका वस्तीकडून दुसरीकडे आणि सगळ्यांकडून अंबाबाईच्या देवळाकडे माणसे जात-येत राहिली, आणि त्यांच्या पायांनी ज्या वाटा पाडल्या त्यांचेच पुढे रस्ते झाले. म्हणून तर आपले रस्ते वाकडे. ओळंबा लावून ते कोणी काढलेलेच नाहीत. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी पन्हाळ्याहून इकडे आली. गावाला तट होता, खंदक होता, वेशी होत्या. १८५७ च्या डिसेंबरात बंडवाल्यांनी या वेशी लावून घेतल्या आणि इंग्रजांना त्या फोडून आत यावे लागले, हे आपण शाळेत ऐकले आहे. आज तट बिंदू चौकाजवळ थोडासा उरला आहे, खंदक बुजला आहे. पण रिक्षावाल्याला “गंगावेश” म्हणा, “रंकाळा वेश” म्हणा, तो न विचारता नेऊन सोडतो. दारे गेली, वाटा राहिल्या. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

आमच्या पेठेत घरासमोर जेमतेम बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि घरामागे बोळ. त्या बोळाला कोणी रस्ता म्हटले नसते. दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने भिंतीला टेकून दुसरीला जाऊ द्यायचे. पण त्या बोळातून आई विसण लावून दळपाला जाई, विरजण मागायला मावशीकडे जाई आणि भाजी फोडणीला टाकायच्या आत परत येई. एक बोळ बंद असला, लग्नाचा मांडव पडला असला, तर दुसरा होता. देवळाच्या आवाराचासुद्धा वाटेसारखाच उपयोग होई: घाटी दरवाजाने आत शिरावे, देवीला हात जोडावेत आणि महाद्वाराने बाहेर पडावे. पुण्यही पदरी पडले आणि वळसाही वाचला!

कोल्हापूरच्या भाषेत यासाठी एक गोड शब्द आहे: तिकटी. तीन वाटा मिळतात ती तिकटी. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, माळकर तिकटी. बाहेरगावची माणसे या नावांना हसतात. पण गावाने आपल्या वाटांच्या भेटीला नावे दिली, यावरून त्या भेटीची किंमत कळते. नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वारातून बाहेर पडून गुजरी, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, बिनखांबी असे करत ती परत देवळात येते. एका वाटेने जायचे आणि दुसऱ्या वाटेने यायचे, तेव्हाच प्रदक्षिणा होते. माझ्या आताच्या वसाहतीत देवीला बोलावले तर तिला गल्लीच्या टोकाशी जाऊन, गाडी मागे घेत घेत, आल्या वाटेने परतावे लागेल.

आता दुसरी पिढी. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि गावाचे तोंड पूर्वेकडे वळले. स्टेशनच्या बाजूला १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली. गुळाचा व्यापार तिथे नांदू लागला. नंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत रुळांच्या पलीकडे राजारामपुरी उभी राहिली. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा पहिले आठ दिवस मला फार परके वाटले. गल्ल्यांना नावे नाहीत, नुसते आकडे! पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पण महिन्याभरात मला त्या आकड्यांची गोडी कळली. पाचवीतून सातवीत जायचे तर कोणाला विचारावे लागत नाही. मध्ये सहावी असणारच. मुख्य रस्त्यावर गर्दी असेल तर मागच्या आडव्या रस्त्याने जावे. पेठ वाकडी आणि राजारामपुरी सरळ, दिसायला सासू-सुनेइतक्या वेगळ्या; पण स्वभाव एकच, वाटा तोडायच्या नाहीत. पेठेत ते शेकडो वर्षांच्या पायांनी झाले, पुरीत ते एका दरबाराच्या आखणीने झाले.

या आखणीतही एक तुटलेला धागा आहे, तो सांगायला हवा. रेल्वेने गाव जोडले आणि रेल्वेनेच ते चिरले. रुळांच्या अलीकडे शाहूपुरी, पलीकडे राजारामपुरी. दोन्ही वस्त्यांच्या गल्ल्या आपापल्या ठिकाणी सुरेख मिळतात, पण दोन्हींच्या मध्ये परीख पुलाखालचे ते बुटके बोगदे! पाऊस पडला की तिथे पाणी, शाळा सुटली की तिथे कोंडी. शंभर गल्ल्या एकमेकींना मिळाल्या तरी मधली मान एकच असली की सगळ्यांचा श्वास तिथे अडकतो.

तिसऱ्या पिढीकडे येते. १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. त्यानंतर कित्येक दशके हद्दवाढीचा वाद चालत राहिला. शहर म्हणे गावे आत घ्या, गावे म्हणत आम्ही येत नाही. दोघांचीही बाजू ऐकण्यासारखी आहे, त्यात मी पडत नाही. पण कागदावरची हद्द जागच्या जागी राहिली आणि घरे मात्र ती ओलांडून उसात शिरली. २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमले गेले, तोवर पुष्कळसे उभे राहून गेले होते.

उसाच्या शेताची वसाहत कशी होते, ते मी माझ्या गच्चीतून पंचवीस वर्षे पाहते आहे. शेते लांबट पट्ट्यांची. भाऊवाटणीत त्या पट्ट्या आणखी चिंचोळ्या झालेल्या. एका भावाने आपली पट्टी विकायला काढली. मुख्य रस्त्यापासून मधोमध वीस-तीस फुटांचा रस्ता सोडला, दोहों अंगांना गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले. रस्ता कुठवर? बांधापर्यंत. बांधापलीकडे चुलतभावाचा ऊस. त्यातून रस्ता कसा जाणार? दहा वर्षांनी चुलतभावानेही विकायला काढले. त्याचा रस्ता पलीकडच्या बाजूने आत आला आणि त्याच बांधाशी येऊन थांबला. मधल्या काळात अलीकडच्यांनी बांधावर भिंत घातली होती, पलीकडच्यांनी तिला टेकून दुसरी घातली. दोन रस्ते, दोन भिंती आणि मध्ये वीतभर गाजरगवत. यात लबाडी कोणाचीही नाही. प्रत्येकाने आपल्या पट्टीपुरता विचार केला, एवढेच. शासनाने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ साली त्याची मुदत पुढे वाढवली. त्याने घरांना कागद मिळाले, गरिबांची चिंता गेली, हे फार चांगले झाले. पण घर नियमित झाले म्हणून बंद गल्ली उघडत नाही.

या शेतांतून पूर्वी वाटा नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. पाणंदी होत्या! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या भगिनींना पाणंद म्हणजे काय ते सांगायला नको: दोन्ही अंगांनी निवडुंग नाहीतर घाणेरी, मध्ये गाडीचाकोरी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. ती कोणा एकाच्या मालकीची नसते. गाडी, गुरे, भाकरी घेऊन जाणारी बाई, सगळ्यांची तिच्यावर वहिवाट. गाव नकाशावर ती तुटक रेषांनी दाखवलेली असते. जिथे या पाणंदी टिकल्या तिथे पुढे रस्ते झाले आणि ते आरपार गेले. देवकर पाणंद आज भर वस्तीतला रस्ता आहे, पण नावातून शेत गेलेले नाही. जिथे पाणंद शेजारच्यांनी हात-हात दाबून गिळली, तिथे ती नकाशावर राहिली आणि जमिनीवरून गेली.

हा प्रकार आपल्याच गावचा नाही. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात रॅडबर्न नावाची वसाहत १९२९ च्या सुमारास वसवली गेली. मोटारींची वर्दळ नुकती वाढत होती, मुले रस्त्यावर खेळताना चिरडली जात. तेव्हा क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या आखणीकारांनी घरे बंद गल्ल्यांभोवती मांडली, म्हणजे गल्लीत आरपार वाहतूक नको. कल्पना उत्तम होती, आणि तिचा दुसरा अर्धा भाग आणखी उत्तम होता: घरांच्या मागल्या दारी पायवाटा होत्या. त्या पायवाटांनी मूल एका घरातून दुसऱ्या घरी, बागेत जाई, मोटाररस्ता आला तर त्याच्याखालून जाई. म्हणजे समोर बंद गल्ली आणि मागे आपला बोळच की! पुढे अमेरिकाभर या वसाहतीचे अनुकरण झाले, त्यात बहुतेकांनी बंद गल्ली उचलली आणि पायवाट सोडून दिली. पायवाटेला जागा जाते आणि ती विकता येत नाही.

अलीकडे बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी हे मोजूनच पाहिले. रस्त्यांच्या नकाशावर प्रत्येक नाक्याला किती वाटा मिळतात, किती वाटा कुठेच न जाता संपतात, सरळ अंतराच्या मानाने वळसा किती पडतो, असा तो हिशेब. मला तो वाचताना गंमत वाटली; आमच्या आजीने तिकट्या मोजूनच गाव ओळखले असते. २०१५ साली त्यांनी दाखवले की अमेरिकेत रस्ते तुटक पाडण्याची ही खोड १९९४ च्या सुमारास कळसाला पोचली आणि नंतर थोडी उतरली. २०२० साली त्यांनी सगळ्या जगाचा हिशेब मांडला, त्यात जगाच्या पुष्कळ भागांत नव्या वस्त्या जुन्यांपेक्षा अधिकाधिक तुटक होत असल्याचे निघाले. अर्जेंटिना, पेरू, बोलिव्हिया यांसारख्या देशांत मात्र अजून राजारामपुरीसारखी जाळी विणतात. त्यांचे म्हणणे असे की घर पडते, नवे होते, पण रस्त्याची रेघ एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. लंडन शहराचा मोठा भाग १६६६ साली जळून खाक झाला, नवे आराखडे आले, तरी लोकांनी घरे बांधली ती बहुतेक जुन्याच गल्ल्यांवर. आपल्या गंगावेशीचेही तेच नाही का? म्हणूनच मला आजची घाई भयंकर वाटते. आज बांधाशी थांबलेला रस्ता आपल्या पणतीच्या वेळीही तिथेच थांबलेला असेल.

रस्ता रुंद केला की काम भागते, अशी आपली समजूत. शहरातले जवळजवळ पन्नास किलोमीटर रस्ते खाजगी भांडवलातून नव्याने करण्याची योजना आली, मग टोल आला, त्याविरुद्ध सारे कोल्हापूर रस्त्यावर उतरले, आणि २०१५-१६ मध्ये टोल रद्द झाला. त्या आंदोलनात आपल्यापैकी कितीतरी जणी लाटणी घेऊन होत्या. पण रस्ते रुंद झाले तरी दहा वसाहतींची तोंडे एकाच रस्त्याला असतील तर दहाही वसाहतींच्या गाड्या त्याच नाक्यावर येणार. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. जुनी वस्ती पाडून मोठे रस्ते कापायला त्यांचा विरोध असे. आहेत त्या गल्ल्या सांभाळा, एखादे पडके घर काढा, वाट मोकळी करा, असे ते सांगत. थोडक्या खर्चाचे शहाणपण लोकांना सहसा पटत नाही.

महापुरात ही गोष्ट फार स्पष्ट दिसली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पन्हाळ्याकडची, गगनबावड्याकडची वाट तुटली. एवढे मोठे शहर बेट होऊन बसले. दूध, पेट्रोल, भाजी, सगळ्यांचे हाल. गावाला बाहेर पडायला वाटा किती आणि त्यांतल्या पाण्यावर किती, याचा हिशेब तेव्हा प्रत्येकीने स्वयंपाकघरात बसून केला.

बंद गल्लीची बाजूही मला मांडू द्या, कारण आपल्यातल्याच पुष्कळ जणींना ती प्रिय आहे. मुले निर्धास्त खेळतात, परका माणूस चटकन ओळखू येतो, रात्री भरधाव मोटारसायकली येत नाहीत. माझी सूनही हेच म्हणते, आणि तिचे काही खोटे नाही. पण मोटारीला वाट नको म्हणून पायांनाही का नको? बांधावरच्या भिंतीत तीन फुटांचे दार ठेवले, मध्ये एक खांब रोवला, की बाई जाते, मूल जाते, मोटार जात नाही.

माझ्या गच्चीतून पलीकडच्या वसाहतीतल्या आपल्या एका सभासद भगिनीची गच्ची दिसते. उन्हाळ्यात त्यांनी कुरडया घातल्या की मला दिसतात, मी पापड घातले की त्यांना. मध्ये दोन भिंती. जायचे म्हटले तर मुख्य रस्त्यावर येऊन, वळसा घालून, दीड किलोमीटर. त्या एकट्या असतात. गेल्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि मला फोन लावला. “तू ये गं,” एवढेच म्हणाल्या. मुलगा गावाला गेलेला, रिक्षा पाऊस म्हणून येईना, माझे गुडघे असे. मी पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. आता त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, आणि सभेला येत नाहीत.

त्या भिंतींच्या जागी पूर्वी पाणंद होती असे आमच्या दूधवाल्या मामांचे म्हणणे आहे. त्यांचे वडील तिथून बैल नेत. तेव्हा मंडळाच्या गेल्या सभेत असे ठरले की भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावच्या नकाशाची नक्कल काढायची. वहिवाटीची वाट अडवली गेली असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा त्यासाठीच आहे. घरे उभी राहिलेल्या जागी त्याचा कितपत उपयोग होईल, ते वकिलांना विचारायचे आहे. पण दोन्हीकडच्या भिंतवाल्यांशी बोलणे त्याआधी. त्यांपैकी एकांची पत्नी आपली सभासद आहे, आणि तिने स्वतःच बोलणी करायचे कबूल केले आहे.

ज्या भगिनींच्या माहेरी किंवा सासरी या भागात शेती होती, त्यांना आठवत असेल ती पाणंद, ओढ्यावरचा साकव, देवाला जायची पायवाट, कोणाच्या बांधाने कुठवर जाई, ते एका कागदावर लिहून चिटणीसबाईंकडे द्यावे. अक्षर वाईट असले तरी चालेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलेत तर आणखी बरे; आणि हे दसऱ्याच्या आत व्हावे, कारण मामांचे वडील आता नव्वदीचे आहेत.